लहान मुलांची इमर्जन्सी ट्रॉली कायम भरलेली आणि चालू कशी ठेवायची

मोठ्यांची क्रॅश कार्ट, म्हणजे जीव वाचवायच्या सामानाची ट्रॉली, बहुतेक ठिकाणी ठीक असते, कारण ती दर दोन-चार दिवसांनी उघडते आणि उघडली की कोणीतरी भरतंच. मुलांच्या ट्रॉलीचं तसं नाही. तिला महिनोन्‌महिने हात लागत नाही, बाहेरून पुसलेली चकाचक असते आणि आत बघावं तर ईसीजीचे छोटे इलेक्ट्रोड वाळलेले, शुगरच्या स्ट्रिप्स कधी उघडल्या कोणालाच माहीत नाही, लॅरिंगोस्कोपच्या, म्हणजे घशात उजेड पाडून बघायच्या उपकरणाच्या, हँडलमध्ये सेल फुटून पाणी सुटलेलं. वापरलेली ट्रॉली भरली जाते, न वापरलेली आतल्या आत जुनी होत जाते, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं काम त्याच्याच भोवती लावायचं असतं.

मी हे शिकले ते एका रात्रीत. मी तेव्हा ज्या ठिकाणी कामाला होते तिथे आठ महिन्यांचं बाळ श्वास थांबत आलेल्या अवस्थेत आणलं, ट्रॉली समोर होती, ब्लेड बरोबर साइजचं होतं, श्वासनलिकेत घालायची ट्यूब होती, आणि हँडलला ब्लेड लावलं तर लाइटच लागेना. दुसरं हँडल ऑपरेशन थिएटरमधून येईपर्यंत आम्ही बॅग-मास्कवर, म्हणजे मास्क लावून हाताने बॅग दाबत, बाळाला धरून ठेवलं. बाळ वाचलं. पण रजिस्टरमध्ये आदल्या सकाळी "लॅरिंगोस्कोप" पुढे बरोबरची खूण होती, म्हणजे वस्तू होती का एवढंच बघितलेलं, चालते का ते कोणी बघितलं नव्हतं. ती खूण खोटी नव्हती, अपुरी होती. तेव्हापासून मी हे काम स्वतःकडे मागून घेतलं, आणि जे जमलं ते इथे क्रमाने लिहितेय.

पहिलं काम, एका माणसाचं नाव लिहा

"ड्युटीवरची सिस्टर बघेल" असं जिथे ठरतं तिथे कोणीच बघत नाही, यात कोणाचा दोष नाही, तीन शिफ्ट आणि वीस माणसं असली की असंच होतं. एक जबाबदार व्यक्ती आणि ती रजेवर असेल तेव्हाची दुसरी, अशी दोन नावं ट्रॉलीवरच चिकटवा. अमेरिकेत मुलांच्या इमर्जन्सीच्या तयारीबद्दल ज्या सूचना आहेत त्यातही आधी हेच येतं की विभागात मुलांच्या सोयीसाठी एक डॉक्टर आणि एक नर्स नेमलेले असावेत. तिथे २०१३ मध्ये ४,००० पेक्षा जास्त इमर्जन्सी विभागांची पाहणी झाली होती, तयारीचा मध्यक स्कोअर १०० पैकी ६९ च्या आसपास आला, आणि त्यातल्या बहुतेक विभागांत दिवसाला १४ पेक्षा कमी मुलं येत होती. म्हणजे मुलं कमी येणं हीच सर्वसाधारण परिस्थिती आहे, आपल्याकडे कमी येतात म्हणून चालून जाईल असं धरून बसायला ते कारण होत नाही.

या व्यक्तीला रोजच्या कामातून महिन्यातून दोन-तीन तास मोकळे मिळाले पाहिजेत. हे इनचार्जकडून आधी कबूल करून घ्या, नाहीतर दुसऱ्या महिन्यापासून तपासणी ड्युटी संपल्यावर घाईघाईत व्हायला लागते.

मग ट्रॉली पूर्ण रिकामी करा

हो, पूर्ण. एका रिकाम्या बेडवर स्वच्छ चादर टाका आणि शेवटच्या सुईपर्यंत सगळं बाहेर काढा. तेवढा वेळ दुसरी ट्रॉली किंवा तात्पुरता सेट जवळ आहे ना ते आधी बघा. तीन ढीग करा, तारीख संपलेलं, तीन महिन्यांत संपणारं, आणि चांगलं. चौथा ढीग आपोआप तयार होतो, तो म्हणजे "हे इथे का आहे?" मला एकदा त्यात मोठ्यांच्या ८ नंबरच्या ट्यूब, कसल्यातरी मशीनची वायर आणि पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्युल मिळाले होते. कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम इमर्जन्सी ट्रॉलीत नको म्हणजे नकोच, घाईत दुसऱ्या ॲम्प्युलऐवजी हातात आलं तर मूल जाऊ शकतं.

तारखेबद्दल एक छोटी गोष्ट, पाकिटावर फक्त महिना आणि वर्ष असेल तर ती वस्तू त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. आणि नुसती तारीख बघू नका, स्टराइल पाकिटाला भोक, ओल किंवा उघडलेली कड असेल तर तारीख पाच वर्षं पुढची असली तरी ते बाद.

यादी वस्तूंची नाही, साइजची करा

मोठ्यांच्या यादीत "ट्यूब, मास्क, कॅथेटर" लिहून भागतं. मुलांच्या यादीत तसं लिहिलं तर ती यादी नसल्यासारखीच आहे, कारण २ किलोच्या बाळापासून ४० किलोच्या मुलापर्यंत सगळे याच ट्रॉलीवर येणार. प्रत्येक साइजला वेगळी ओळ पाहिजे.

एंडोट्रॅकियल (श्वासनलिकेतली) ट्यूब २.५ पासून ६.५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने, प्रत्येकी किमान दोन. दोन कशाला, तर एक पडली किंवा कफ, म्हणजे टोकाजवळचा फुगा, फुटला तर. वर्षापुढच्या मुलासाठी विनाकफ ट्यूबचा अंदाज वय भागिले ४ अधिक ४, आणि कफवालीचा वय भागिले ४ अधिक ३.५. चार वर्षांच्या मुलाला म्हणजे विनाकफ ५ किंवा कफवाली ४.५, आणि हातात अर्ध्याने मोठी आणि अर्ध्याने छोटी दोन्ही असाव्या लागतात, म्हणजे मधली एक साइज संपली की तीन वयोगटांची अडचण होते. सक्शन कॅथेटर ट्यूबच्या साइजच्या दुप्पट फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप), ४ च्या ट्यूबला ८ फ्रेंच. ट्यूब आणि तिचं सक्शन कॅथेटर जोडीने मोजा, मी कितीतरी ठिकाणी ३ ची ट्यूब बघितली आणि तिच्यात जाणारं ६ फ्रेंच कॅथेटर कुठेच नाही.

ब्लेड सरळ ०, १, २ आणि वाकडे २ आणि ३, हँडल दोन. घशातले एअरवे छोट्यातल्या छोट्यापासून. लॅरिंजियल मास्क (ट्यूबऐवजी घशात बसवायचा मास्क) १ नंबर ५ किलोपर्यंत, १.५ हा ५ ते १० किलोला, २ हा १० ते २० ला, २.५ हा २० ते ३० ला आणि ३ त्यापुढे. आंबू बॅगेच्या (मास्कला लावून हाताने दाबायच्या बॅगेच्या) बाबतीत एक नेहमीची चूक म्हणजे २५० मिलीची नवजात बाळाची बॅग ठेवतात आणि "पेडिॲट्रिक बॅग आहे" म्हणतात. थोड्या मोठ्या बाळाला ती पुरत नाही, ४५० ते ५०० मिलीची हवीच, दोन्ही ठेवा, आणि मोठ्या मुलांसाठी मोठ्यांची बॅगही जवळ असू द्या.

इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी, २४ आणि २२ नंबरचे भरपूर, प्रत्येकी दहा तरी, कारण घाबरलेल्या, डिहायड्रेट झालेल्या बाळाला चार-पाच प्रयत्न लागतात आणि दर वेळी नवा उघडतो. शिरेत लाइन मिळतच नसेल तर हाडातली सुई, तिच्यातून औषध थेट हाडाच्या आत जातं. ड्रिलने घालायच्या सुयांमध्ये १५, २५ आणि ४५ मिलिमीटर अशा लांब्या येतात, १५ वाली लहानांची असली तरी गुबगुबीत बाळाला ती हाडापर्यंत पोचत नाही म्हणून २५ वाली पण हवी. बऱ्याच ड्रिलची बॅटरी सील केलेली असते, चार्ज होत नाही, तेव्हा रोज गंमत म्हणून घुर्रर करून बघू नका, कंपनीने सांगितलंय तेवढंच तपासा आणि एक हाताने घालायची सुई बाजूला ठेवा.

बीपीचे कफ सगळ्या साइजचे, आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के यायला हवी. मोठा कफ लावला की बीपी कमी दिसतं, छोटा लावला की जास्त, आणि त्यावर औषधं ठरतात.

औषधं मोजायची कशी

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे कारण "ॲड्रेनलीन २ ॲम्प्युल" अशी यादी मी अजूनही बघते. आकडा मनाने टाकू नका, एका खऱ्या केसला किती लागेल ते मोजून टाका. हृदय बंद पडलेल्या मुलाला ॲड्रेनलीन किलोला ०.०१ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. तीस मिनिटांच्या प्रयत्नांत सात ते दहा डोस होतात. प्रत्येक डोससाठी नवीन ॲम्प्युल फुटतोय असं धरा, म्हणून दहा. आणि डोस १:१०,००० मध्ये द्यायचा असतो, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या ॲम्प्युलमध्ये ९ मिली सलाइन घालून १० मिली करायचं आणि किलोला ०.१ मिली द्यायचं. मग ॲम्प्युलच्या शेजारीच १० मिलीच्या सिरिंज, १ मिलीच्या सिरिंज, सलाइनचे छोटे ॲम्प्युल आणि चिकटवायची लेबलं पाहिजेत, दुसऱ्या ड्रॉवरमध्ये नाही, शेजारीच. एका झिपच्या पाकिटात हे सगळं एकत्र बांधून ठेवलं की सगळ्यात बरं.

सलाइनचं पण तसंच. १५ किलोच्या मुलाला किलोला २० मिली म्हणजे ३०० मिली, ते ५० मिलीच्या सिरिंजने थ्री-वेमधून (तीन तोंडांच्या तोटीतून) सहा वेळा ओढून ढकलायचं. थ्री-वे आणि ५० ची सिरिंज नसेल तर बाटली असूनही उपयोग नाही. शुगर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज तयार बाटलीत ठेवा. ती मिळत नसेल तर २५ टक्केचे १० मिली आणि स्टराइल वॉटर १५ मिली मिळून १० टक्केचे २५ मिली होतात, हा हिशोब झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवा कारण रात्री तीन वाजता कोणाचंही गणित चुकतं.

बाकी ॲडेनोसीन, अमिओडेरोन, ॲट्रोपीन, कॅल्शियम ग्लुकोनेट, सोडाबायकार्ब, मॅग्नेशियम, मिडाझोलाम, नॅलोक्झोन, हायड्रोकॉर्टिझोन, नेब्युलायझेशनचं सॅल्ब्युटामॉल, हे तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. झटक्यांची आणि नशेची औषधं कुलपात असतील तर किल्ली कोणाकडे हे ट्रॉलीवर लिहा. सक्सिनिलकोलीन आणि रोक्युरोनियम फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला राहतात, बाहेर काढून ठेवलं तर त्यांचं आयुष्य खूप कमी होतं, म्हणून काढल्याची तारीख वायलवर लिहिल्याशिवाय ट्रॉलीत टाकू नका. सोपं म्हणजे फ्रिजमध्ये "मुलांची इमर्जन्सी" असा छोटा डबा आणि ट्रॉलीवर त्याची चिठ्ठी.

रंगाने लावायची का कामाने

लांबीवरून वजन सांगणारी ब्रोसलो टेप वापरत असाल तर तिच्या रंगांप्रमाणे ड्रॉवर लावता येतात, करडा ३ ते ५ किलो, गुलाबी ६-७, लाल ८-९, जांभळा १०-११, पिवळा १२ ते १४, पांढरा १५ ते १८, निळा १९ ते २३, नारिंगी २४ ते २९, हिरवा ३० ते ३६. मूल मोजलं, रंग कळला, तो ड्रॉवर ओढला. ज्यांच्याकडे मुलं क्वचित येतात त्यांना हे फार सोपं जातं. पण नऊ ड्रॉवर म्हणजे तीच वस्तू नऊ ठिकाणी, नऊ तारखा, आणि सांभाळायला माणूस एक.

म्हणून माझं मत असं आहे की लहान ठिकाणी ड्रॉवर कामाने लावा, वर श्वासमार्ग, मग श्वास, मग शिरा आणि सलाइन, मग औषधं, आणि श्वासमार्गाच्या ड्रॉवरमध्ये साइजप्रमाणे पारदर्शक पाकिटं करून त्यांना टेपच्या रंगाची पट्टी लावा. दोन्हीचा फायदा मिळतो. एक धोका मात्र नव्या मुलींना नक्की सांगा, इंट्राकॅथचे रंग वेगळे आहेत, २४ नंबर पिवळा, २२ निळा, २० गुलाबी, त्यांचा टेपच्या रंगांशी काही संबंध नाही. "पिवळा दे" म्हटलं की दोन माणसांच्या मनात दोन वस्तू येतात, तेव्हा इंट्राकॅथ नेहमी नंबरने मागायचा.

टेपची लाल बाजू डोक्याला, आणि वाचायचं टाचेजवळ. कुपोषित मुलाचं वजन टेपवर खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं हे लक्षात असू द्या. वजनकाटा किलोवरच लॉक करून ठेवा.

रोज पाच मिनिटं, महिन्यातून एकदा पूर्ण

भरून झाली की नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावा. सील अखंड म्हणजे आतलं मोजलेलं तसंच आहे, त्यामुळे रोज सगळं मोजायची गरज राहत नाही. पण ज्या गोष्टी चालवून बघाव्या लागतात त्या सीलच्या बाहेर ठेवा, लॅरिंगोस्कोप आणि आंबू बॅग वरच्या उघड्या ट्रेमध्ये. हा एक बदल केला आणि आमची अर्धी अडचण संपली, कारण सील तोडायला नको म्हणून लाइट बघितला जात नव्हता.

रोज सकाळी सीलचा नंबर रजिस्टरशी जुळवा. प्रत्येक ब्लेड प्रत्येक हँडलला लावा, उजेड पांढरा आणि स्थिर हवा, पिवळट किंवा लुकलुकणारा म्हणजे सेल बदला, उद्यावर टाकू नका. आंबू बॅगचं तोंड तळहाताने बंद करून दाबा, वरच्या व्हॉल्व्हमधून हवा सुटली पाहिजे, मग व्हॉल्व्ह लॉक करून परत दाबा, आता बॅग कडक लागली पाहिजे. लागली नाही तर कुठेतरी गळतंय. सक्शनची नळी अंगठ्याने बंद केल्यावर काटा ३०० मिलिमीटरच्या वर जायला हवा, आणि मुलासाठी वापरताना ८० ते १२० वर आणायचा. ऑक्सिजन सिलिंडर उघडून प्रेशर बघा, बंद करा, चावी साखळीने बांधलेली आहे का बघा. डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) प्लगला आहे का, टेस्ट पास झाली का.

डिफिब्रिलेटरवर अजून दोन शब्द. मुलांचा पहिला शॉक किलोला २ ज्यूल, दुसरा ४. पाच किलोच्या बाळाला १० ज्यूल, म्हणजे तुमचं मशीन इतकं खाली जातं का ते आत्ताच बघा. आणि मुलांच्या पॅडचं कनेक्टर तुमच्या मशीनला खरंच बसतं का ते पाकिटावरचं मॉडेल वाचून नक्की करा, मशीन बदलतं आणि जुने पॅड ट्रॉलीत तसेच राहतात. पॅडची जेल वाळते म्हणून त्यांना पण एक्स्पायरी असते.

महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला सील तोडून सगळं मोजायचं, दोघींनी, एकीने वाचायचं दुसरीने हातात धरायचं. शुगर स्ट्रिप्सच्या डबीवर उघडल्याची तारीख आहे का, चिकटपट्टी चिकटते का, मास्कची गादी फुगलेली आहे का, मॉनिटरचे छोटे प्रोब त्याच मॉनिटरला बसतात का. मग नवीन सील, नवीन नंबर, सही.

एक्स्पायरीचा खेळ

एक साधी एक्सेल शीट करा, वस्तू, साइज, नग, ड्रॉवर आणि त्या गटातली सगळ्यात जवळची तारीख. तारखेने सॉर्ट केली की वरच्या पाच ओळी म्हणजे पुढच्या महिन्याचं काम. ट्रॉलीच्या पुढे एक कार्ड लावा, "पहिली एक्स्पायरी: मार्च, ॲडेनोसीन", बस, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. आत लावताना जे आधी संपणार ते पुढे, आधी आलेलं पुढे असं नाही, कारण स्टोअरमधून नंतर आलेल्या मालाची तारीख कधीकधी आधीची असते.

तीन महिने राहिलेली वस्तू फेकायची वाट बघू नका. ॲड्रेनलीन, सलाइन, सिरिंज मोठ्यांच्या वॉर्डात द्या, तिथे आठवड्यात संपतात, आणि बदल्यात लांबच्या तारखेचं घ्या. छोट्या ट्यूब थिएटरला द्या. ज्या वस्तू दुसरीकडे कोणीच वापरत नाही, हाडातल्या सुया, छोटे पॅड, १ नंबरचे लॅरिंजियल मास्क, त्यांच्यासाठी खरेदीच्या वेळीच स्टोअरला सांगा की वर्षाच्या आत संपणारा माल घ्यायचा नाही. हे लेखी इंडेंटवरच, म्हणजे मागणीपत्रावरच, लिहा. वाया जातं म्हणून प्रशासन कुरकुर करतं, मला ते कळतं, पण अदलाबदलीची सवय लागली की खरोखर फेकायला लागणाऱ्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात.

वापरल्यानंतर

केस संपली की सगळे दमलेले असतात, आईवडिलांशी बोलणं चालू असतं, आणि ट्रॉली अर्धी उघडी. म्हणून रिकामे ॲम्प्युल आणि फाडलेली पाकिटं लगेच फेकू नका, एका ट्रेमध्ये जमा होऊ द्या, त्यावरूनच काय भरायचं ते कळतं आणि औषधांची नोंदही जुळते. भरायचा सेट स्टोअरमध्ये नाही तर विभागातच एका डब्यात तयार ठेवा, कारण रात्री स्टोअर बंद असतं आणि दुसरं मूल स्टोअर उघडायची वाट बघत नाही. एखादी वस्तू मिळालीच नाही तर सील लावताना ट्रॉलीवर लाल चिठ्ठी, काय नाही आणि त्याऐवजी काय वापरायचं.

औषधाची कंपनी किंवा ताकद बदलली तरी तीच चिठ्ठी. दिसायला सारखे, पण आत मिलीमागे मिलिग्रॅम वेगळं, हे ॲम्प्युल सगळ्यात घातक. जुने आणि नवे एकाच कप्प्यात कधीच नको.

अपडेट म्हणजे फक्त नवीन माल नाही

गाइडलाइन बदलतात, तेव्हा ट्रॉलीतले कागद आणि वस्तू दोन्ही बदलायला लागतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये लहान मुलांतही कफवाली ट्यूब निवडणं योग्य म्हटलं आहे, मग ज्या ट्रॉलीत छोट्या साइजच्या फक्त विनाकफ ट्यूब होत्या तिथे ३ आणि ३.५ च्या कफवाल्या यायला हव्या होत्या, बरोबर कफचं प्रेशर बघायचं मीटर. ब्रोसलो टेपच्या पण आवृत्त्या निघतात, जुनी टेप फाटली नाही म्हणून वापरत राहू नका. डोसच्या चार्टवर खाली तारीख आणि तपासणाऱ्या डॉक्टरांची सही असू द्या, आणि नवीन चार्ट लावला की जुना फाडून टाका, तो दुसऱ्या भिंतीवर, फाइलमध्ये, कोणाच्या ॲप्रनच्या खिशात राहिला असेल तर तिथूनही.

शेवटची तपासणी रात्रपाळीला करायची. सगळ्यात नवीन मुलीला किंवा मुलाला ट्रॉलीसमोर उभं करा आणि सांगा, दहा किलोचं बाळ आहे, मला हाडातली सुई दे, १.५ चा लॅरिंजियल मास्क दे, ॲड्रेनलीन १ मिली भरून दे. घड्याळ लावा. जी वस्तू अर्ध्या मिनिटात सापडली नाही तिची जागा चुकली आहे, त्या मुलीची चूक नाही. जागा बदला, यादी नव्याने छापा, वर आजची तारीख टाका, सील लावा आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाला तरी उभं करा.